थार, सोळा फुटी कॅरॅव्हॅन आणि आंबोलीचा उतार

प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापूरचं चौघांचं कुटुंब. घरात तीन दारांची डिझेल थार, हातगिअरची. सोळा फुटी कॅरॅव्हॅन ट्रेलर जुना मिळतोय, एका धुरीचा (अॅक्सलचा), दोन चाकी. विकणारा सांगतो, रिकामं वजन ११०० किलो. बेत असा की आंबोलीतून उतरून वेंगुर्ला-मालवण करायचं, तिथून सागरी मार्गानं देवगड, रत्नागिरी, गुहागर आणि जमलं तर श्रीवर्धन. थार हा ट्रेलर ओढेल का? नसेल तर कोणती गाडी घ्यावी?

ओढेल. तरीही या ट्रेलरला ही गाडी जोडू नका.

माझा धंदा ट्रेलरचा. कुडाळच्या बाजूला होड्यांचे आणि जेट-स्कीचे ट्रेलर बनवतो, दुरुस्त करतो, आणि अलीकडे पुण्या-कोल्हापूरकडून येणारे कॅरॅव्हॅनवालेही थांबतात. येणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न ‘ओढेल का’ हाच असतो. त्याचं उत्तर जवळजवळ नेहमी ‘हो’ येतं, म्हणून त्याचा उपयोग काही नाही. विचारायचं ते हे की मागच्या चाकांवर किती ओझं बसेल, उतारावर कोण कोणाला धरेल, आणि ओल्या जेट्टीवर गाडी जागची हलेल का. इंजिनाचा नंबर या सगळ्यानंतर.

इंजिनाचं आधी उरकून टाकू. थार, चार माणसं, सामान आणि भरलेला ट्रेलर मिळून ३६०० किलो धरा. चढ १२ ला १ धरा, म्हणजे बारा मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. नुसतं गुरुत्वाकर्षणच ३०० किलोच्या जोरानं मागे खेचणार. चाकांच्या घर्षणाचे आणखी पन्नास-पंचावन्न. ताशी ३० किलोमीटरनं हा चढ चढायला साधारण ४० अश्वशक्ती लागतात. थारच्या २.२ लिटर डिझेलला १३० आहेत. बोलेरोला ७५ आहेत, तीसुद्धा कण्हत-कुथत चढेल. रेडिएटर स्वच्छ हवा, फॅन नीट हवा, मे महिन्यात एसी बंद ठेवून तापमानाच्या काट्यावर नजर हवी, बस. एक गोष्ट मात्र हातगिअरवाल्यांनी लक्षात ठेवावी. पुढे एसटी अडली, वळणातच थांबावं लागलं, आणि मग साडेतीन टन चढावर हाफ क्लचवर उठवायचे, असं दोन-तीनदा झालं की क्लच प्लेटचा वास गाडीभर होतो. ऑटोमॅटिकला हा त्रास नाही, तिथे गिअरबॉक्सचं ऑइल तापतं ते बघावं लागतं. थारला ४-लो आहे, म्हणजे चारही चाकं सगळ्यात जोरकस खालच्या गिअरमध्ये, पण कोरड्या डांबरावर ते लावून वळणं घेऊ नका. पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि दोन्हीकडे ताकद वाटणारा ट्रान्सफर केस मार खातो. एकदा सरळ उठवण्यापुरतं ठीक.

आता वजनाकडे येऊ, कारण खरा घोळ इथे असतो.

‘रिकामं ११०० किलो’ या वाक्यावर विश्वास ठेवू नका. ते बहुतेक वेळा ट्रेलर नवा होता, आत काही बसवलं नव्हतं, तेव्हाचं वजन असतं. त्यानंतर त्यात काय काय गेलं ते मोजा. एक टनाचा विंडो एसी पंचेचाळीस किलो. १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी, जी आपण घरच्या इन्व्हर्टरला वापरतो, ती पंचावन्न-साठ. पाण्याची टाकी ८० लिटरची, म्हणजे ८० किलो. घरगुती सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलोचा, पण टाकी धरून तीस. गाद्या, चादरी चाळीस. शेगडी, भांडी, तांदूळ-पीठ, मसाले पंचेचाळीस. बाहेर लावायचं छत, खुर्च्या, टेबल आणखी चाळीस. झाले १४५० च्या आसपास, आणि अजून मुलांच्या सायकली टाकलेल्या नाहीत.

म्हणून इसार देण्याआधी ट्रेलर वजनकाट्यावर न्या. कोकणात काटा शोधायला लांब जावं लागत नाही. कुडाळ एमआयडीसी, रत्नागिरीत मिरजोळे, खेड-चिपळूणकडे लोटे, कुठेही मिळतो. चिरे आणि वाळूच्या ट्रकांमागे रांगेत उभं राहायचं, एवढंच. आधी गाडी आणि ट्रेलर जोडलेले असताना एकत्र वजन घ्या. मग फक्त ट्रेलरची चाकं काट्यावर आणि गाडी काट्याबाहेर, असं घ्या. मग फक्त गाडीची मागची चाकं. मग ट्रेलर सोडून गाडीची मागची चाकं पुन्हा. काटेवाला कंटाळेल, त्याला चहाचे पैसे जास्त द्या. या चार पावत्या हातात असल्या की पुढे बहुतेक सगळं कागदावर ठरतं.

दुसरी महत्त्वाची संख्या म्हणजे नाकावरचं वजन, म्हणजे ट्रेलरचा जुवा (पुढचा ओढायचा दांडा) गाडीच्या बॉलवर (मागच्या हुकावरच्या गोळ्यावर) जेवढा दाबतो तेवढं. एकूण वजनाच्या १० टक्क्यांच्या आसपास ते हवं. अमेरिकेत १० ते १५ सांगतात. युरोपात हलके, कमी लांबीचे ट्रेलर ५ ते ७ वर चालवतात. आपल्याकडच्या खड्ड्यांत आणि स्थानिक बांधणीच्या ट्रेलरला मी दहाच्या खाली जाऊ देत नाही. १४५० किलोला १४५. मोजायला किराणा दुकानातला प्लॅटफॉर्म काटा पुरतो. सपाट जागा, ट्रेलरच्या चाकांना उटी (अडसर), काट्यावर लाकडाचा ठोकळा, ठोकळ्याची उंची गाडीच्या बॉलएवढी, आणि त्यावर कपलर, म्हणजे जुव्याच्या टोकाची बॉलवर बसणारी वाटी, टेकवायचा. जुवा वाकडा किंवा वर-खाली असला तर आकडा खोटा येतो.

हे १४५ किलो थारवर कसे बसतात ते बघा. बॉल मागच्या धुरीच्या साधारण एक मीटर मागे आहे. थारच्या दोन धुऱ्यांमधलं अंतर २४५० मिलिमीटर. तरफेच्या हिशेबानं मागच्या धुरीवर १४५ नव्हे, २०४ किलो वाढतात आणि पुढच्या धुरीवरचे ५९ कमी होतात. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग पोकळ लागतं, रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो, आणि ब्रेकचा मुख्य भार जिथे असतो त्याच चाकांची पकड घटते.

आता मॅन्युअल उघडा. गाडीचं कमाल भरलेलं वजन वजा गाडीचं स्वतःचं वजन, जे उरेल ती तुमची सगळी शिल्लक. समजा ती ५०० किलो निघाली. चार माणसं २८०, डिकीतलं सामान ४०, हुकाची फ्रेम ३५, वरचा कॅरिअर ४०, आणि नाकावरचे १४५. बेरीज ५४०. ट्रेलरच्या चाकांवरचं वजन यात एक किलोही नाही, तरी गाडी भरून वाहिली. लोक मला मागच्या स्प्रिंगा कडक करून द्या म्हणतात. त्यानं गाडीची पाठ उचललेली दिसेल, पण धुरी, बेअरिंग, टायर आणि ब्रेक जुनेच राहतात.

त्याच मॅन्युअलमध्ये ट्रेलर ओढण्याबद्दल काय लिहिलंय तेही वाचा. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बऱ्याच गाड्यांना कंपनी ओढण्याची क्षमता जाहीर करत नाही. काहींत तर ‘या गाडीनं ट्रेलर ओढू नये’ असं सरळ लिहिलेलं असतं. मग माणूस मोबाइलवर परदेशातला आकडा शोधून आणतो. ऑस्ट्रेलियात फोर बाय फोर हायलक्सला ३५०० किलो म्हणतात, हे खरं आहे. पण तो आकडा ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतील तरच. ब्रेक नसले तर तिथेही ७५० च. शिवाय तो आकडा त्या देशातल्या गाडीचा, तिच्या स्प्रिंगांचा, तिच्या कूलिंगचा आणि तिथल्या प्रमाणित हुकाचा आहे. इथे वेल्डिंगवाल्यानं बंपरमागच्या पट्टीला ठोकलेल्या हुकाला तो लागू होत नाही. हुक चेसिसच्या दोन्ही आडव्या-उभ्या अंगांना, जाड प्लेट घेऊन, ८.८ किंवा वरच्या दर्जाच्या बोल्टांनी बसलेला हवा. मी हुक बघतो तेव्हा आधी गाडीखाली आडवा होतो. वरून रंग सगळेच चांगला मारतात.

बॉलचा आणि कपलरचा आकार एकच आहे ना तेही तपासा. ५० मिलिमीटरचा बॉल इथे सर्रास मिळतो. जुन्या ट्रेलरला कधी निराळ्या मापाचा कपलर असतो, आणि तो ‘बसतो तर आहे’ म्हणून चालवला जातो. रस्त्यावरच्या एका मोठ्या उडीत तो बॉलवरून सुटून वर येतो. साखळ्या दोन हव्यात, जुव्याखाली एकमेकींवर फुली मारून अडकवलेल्या, म्हणजे सुटलाच तर जुवा रस्त्यावर न आपटता साखळीच्या झोळीत पडेल.

आता उतार.

आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर आहे. दाणोलीकडे उतरताना तुम्ही निदान ५०० मीटर उंची गमावता. ३६०० किलो, ५०० मीटर, एवढी ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी. तिचा हिशेब होतो विजेची जवळपास पाच युनिट, म्हणजे पन्नासएक लिटर गार पाण्याला उकळी फुटेल एवढी उष्णता. यातली काही इंजिन खातं, काही हवा आणि टायर खातात, बाकीची तुमच्या ब्रेकच्या डिस्क आणि ड्रमांत जाते. ट्रेलरला ब्रेक नसतील तर सगळीच्या सगळी गाडीच्या चार चाकांत, तीही अशा गाडीच्या जिची मागची चाकं ड्रमची आहेत आणि पुढची हलकी झाली आहेत. चौथ्या-पाचव्या वळणानंतर पेडल लांब जायला लागतं. कधी लायनिंग तापून पकड सोडतं, कधी ब्रेक ऑइल उकळून पाइपात वाफ होते. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण पाय थेट फळीला लागतो.

आपल्या किनाऱ्यावर याला आणखी एक फाटा आहे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट-४ ऑइल ताजं असताना २३० अंशांच्या पुढे उकळायला हवं, पण पाणी मुरलं की प्रमाणाची किमान मर्यादा १५५ वर येते. कोकणातला पावसाळा काढलेल्या गाडीचं ऑइल दोन वर्षांहून जुनं असेल, तर ट्रेलर लावून घाट उतरण्याआधी ते बदला. ट्रेलरच्या बाकी खर्चाच्या मानानं हे काहीच नाही.

उतरण्याची पद्धत एसटीच्या चालकांना ठाऊक आहे: ज्या गिअरनं चढलो असतो त्याच गिअरनं उतरायचं. मागे ट्रेलर असेल तर आणखी एक खाली. ब्रेकवर पाय ठेवून घसरत राहायचं नाही. वेग ३० ला गेला की ठामपणे दाबून २० वर आणायचा, सोडायचा, थंड होऊ द्यायचं, पुन्हा. पाठीमागे भोंगे वाजले तर वाजू द्या, रुंदी दिसेल तिथे बाजूला घेऊन सोडा त्यांना.

म्हणून ७५० किलोच्या वर ट्रेलरला स्वतःचा ब्रेक असल्याशिवाय मी हो म्हणत नाही. युरोपात ब्रेक नसलेल्या ट्रेलरची हद्द ७५० आहे, आणि ब्रिटनमध्ये तर ७५० किंवा गाडीच्या वजनाच्या निम्मं, यांतलं जे कमी ते. आपल्याकडच्या प्रमाणातही ट्रेलरचा टी-१ वर्ग ७५० किलोपर्यंत आणि टी-२ तिथून साडेतीन टनांपर्यंत. आकडा योगायोगानं आलेला नाही.

ब्रेक दोन तऱ्हेचे मिळतात. पहिला धक्क्याचा: गाडी मंदावली की ट्रेलर पुढे सरकतो, जुव्यातला दांडा दबतो आणि केबलनं ट्रेलरचे ब्रेक लागतात. साधा, स्वस्त, गाडीत वायरिंग लागत नाही. पण लांब उतारावर ट्रेलर सतत गाडीला ढकलत राहतो, त्यामुळे त्याचे ब्रेक सतत थोडे लागलेले राहतात आणि तापतात. मागे घेताना तो स्वतःच अडतो, काहींना त्यासाठी खुंटी लावावी लागते. दुसरा विजेवरचा: चाकात चुंबक, गाडीत डॅशबोर्डखाली कंट्रोलर. यात गाडीचा ब्रेक न दाबता फक्त ट्रेलरचे ब्रेक कंट्रोलरच्या दांडीनं, हातानं लावता येतात. घाटासाठी मी हाच निवडतो. किट बऱ्याचदा बाहेरून मागवावा लागतो आणि खाऱ्या हवेत कनेक्शनं काळी पडतात, पण ट्रेलर डोलायला लागला की त्या हातातल्या दांडीची किंमत कळते.

डोलण्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण परतीच्या प्रवासात हेच होतं. मे महिन्यात असाच एक सोळा फुटी ट्रेलर घेऊन एक कुटुंब आमच्याकडे आलं. तक्रार अशी की जाताना ठीक होता, आता पन्नासच्या पुढे गेलं की शेपूट हलवतो, बहुतेक बेअरिंग गेलंय. हब हाताला कोमट, चाकाला खेळ नाही. आमच्या कामावरच्या पोरानं कपलर सोडला आणि जुवा एकट्यानं उचलून धरला. तिथेच कळलं, नाक हलकं झालंय. मागचं दार उघडलं तर तळाशी आंब्यांच्या पेट्या, देवगडहून भरलेल्या, शेवटच्या भिंतीला टेकवून दोन थरांत रचलेल्या. माझा जुना मिस्त्री एवढंच म्हणाला, “आंबे मागे कित्याक? पुढे घेवा आधी.”

हिशेब असा. पाच डझनांची पेटी पंधरा-अठरा किलोची. दहा पेट्या म्हणजे १७० किलो. त्या धुरीच्या दोन मीटर मागे, आणि बॉल धुरीच्या साडेतीन मीटर पुढे. नाकावरून ९७ किलो उचलले गेले. १४५ होते तिथे ४८ राहिले आणि एकूण वजन १६२० झालं, म्हणजे १० टक्क्यांवरून थेट ३ वर. असा ट्रेलर खाडीवरच्या पुलावर बाजूचा वारा लागला किंवा बस जोरात शेजारून गेली की डोलणारच. पेट्या धुरीच्या थोड्या पुढे, जमिनीलगत, दोन्ही बाजूंना सारख्या ठेवल्या आणि पट्टे बांधले. काही गाडीत घेतल्या. मुलांना मात्र पाय पेट्यांवर ठेवून बसावं लागलं.

डोलायला लागलाच तर अॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ घट्ट धरा, विजेचा ब्रेक असेल तर फक्त ट्रेलरचा लावा. गाडीचा ब्रेक जोरात दाबू नका. वेग वाढवला की सरळ होतो, असं सांगणारे भेटतात. त्यांना गाडीत बसवू नका. वेगाबरोबर डोलणं वाढतंच. लांब ट्रेलर आणि आखूड, हलकी गाडी अशी जोडी असेल तर सावरायला वेळच मिळत नाही, आणि थारबद्दल माझी मुख्य हरकत हीच आहे. गाडी वाईट नाही, जोडी वाईट आहे.

टायरबद्दल एक गोष्ट जवळून बघा. ट्रेलर १४५० चा, नाकावर १४५, उरले १३०५, प्रत्येक टायरवर ६५२ किलो. टायरच्या बाजूवर मापानंतर दोन आकडी अंक असतो. ९१ असेल तर तो टायर ६१५ किलोचा. ९५ असेल तर ६९० चा. कितीतरी ट्रेलरना जुन्या मोटारींचे ९१ आणि त्याखालचे टायर घातलेले मी बघतो. तेही पाच-सात वर्षं अंगणात उन्हात उभे राहून भेगाळलेले, पण नक्षी कोरी. चार अंकी तारीख बघा, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. या ट्रेलरला मी ९९ च्या खालचा टायर घालणार नाही.

आता तुमच्या वाटेवरची जागा, जिचा विचार सहसा कोणी करत नाही: फेरीबोट. सागरी मार्गानं जायचं तर जयगड-तवसाळ, दाभोळ-धोपावे, वेश्वी-बागमांडला, पुढे आगरदांडा-दिघी या फेऱ्या गाडी घेतात आणि मोठा वळसा वाचवतात. पण धक्क्याचा उतार, बोटीची फळी आणि बोटीचा तळ असे तीन वेगवेगळे कोन एका पाठोपाठ येतात. उधाणाच्या दिवसांत पूर्ण ओहोटीला पाणी फार खाली जातं, गाडी उताराच्या टोकापर्यंत न्यावी लागते आणि तिथे शेवाळ असतं. लांब ट्रेलरचं शेपूट धक्क्याला घासतं किंवा जुवा फळीला टेकतो. पुढचं छोटं चाक पूर्ण वर घेऊन खिळ लावलेली हवी. नाकाचं वजन पुढच्या धुरीकडे वाटणारे स्प्रिंगचे दांडे बसवले असतील तर फेरीआधी काढा, नाहीतर त्या कोनात ते वाकतात किंवा हुकाची फ्रेम पिळतात. भरती-ओहोटीचं कोष्टक बघून मधल्या पाण्याला पोचा. भांगाचे दिवस, म्हणजे भरती-ओहोटीत फरक कमी असलेले, असतील तर आणखी सोपं. आणि तिकीट काढण्याआधी चालत खाली जाऊन बोटीवरच्या माणसाला ट्रेलर दाखवा, घेणार का, चढताना-उतरताना मागे घ्यावं लागेल का, ते विचारा. मागे घ्यावं लागत असेल आणि तुम्हाला ट्रेलर मागे घ्यायचा सराव नसेल, तर वळसा घ्या.

इथे कोणती चाकं ओढतात हेही कळतं. पुढच्या चाकांनी ओढणारी गाडी, मग ती कितीही मोठी आणि महाग असो, मागे नाकाचं वजन आणि समोर ओला चढ आला की जागच्या जागी चाकं फिरवते. इनोव्हा क्रिस्टा मागच्या चाकांवर आहे आणि शिडीच्या चेसिसची (खाली शिडीसारखी वेगळी चौकट असलेली) आहे, हायक्रॉस पुढच्या चाकांवर आणि वेगळं चेसिस नसलेली. नाव सारखं म्हणून काम सारखं होत नाही. थारचं ४-लो मात्र या ठिकाणी सोनं आहे. ओल्या धक्क्यावर ते लावाच.

पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, ट्रेलर नेऊ नका. बंदी असते हे एक, आणि रुतलेली गाडी निघते पण रुतलेला ट्रेलर भरती येईपर्यंत निघत नाही. गावातल्या गल्ल्यांचं तेच. दोन्ही बाजूंना गडगे (दगडी कुंपणं), वरून फणसाची फांदी आणि विजेची तार. वाडीच्या बाहेर मोकळ्या जागेत उभा करायची परवानगी आधी फोनवर घ्या. राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, पण मुक्कामाची सोय अजून बहुतेक ओळखीवर आणि न्याहारी-निवासवाल्यांच्या अंगणावरच चालते.

कागदपत्रांचं लांबवत नाही. ट्रेलरची वेगळी नोंदणी लागते, वेगळी पाटी लागते, वेगळा विमा लागतो. ‘घरी बनवलाय, कोणी विचारत नाही’ म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, त्यामुळे हुक बसवण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारा, विमावाल्यांकडून उत्तर लेखी घ्या.

मग घ्यायचं काय? दोन रस्ते आहेत.

थार ठेवायची असेल तर ट्रेलर लहान करा. दहा-अकरा फुटी, बुटका, आत दोघांना झोपता येईल आणि मागचं झाकण उघडलं की ओटा, असा. सगळं भरून ७५० किलोच्या आत. मुलं तंबूत किंवा गाडीवरच्या तंबूत झोपतील, आणि त्यांना तेच आवडतं. नाकावर ७५ किलो, घाटात त्रास नाही, फेरीवर चढतो, गडग्यांतून वळतो. या किनाऱ्यावर फिरायला मी स्वतः हाच प्रकार निवडेन. सोळा फुटी ट्रेलरला जिथे जागा मिळते तिथे सहसा हॉटेलही असतं.

सोळा फुटीच हवा असेल तर गाडी बदला. शिडीचं चेसिस, लांब बांधा, मागची किंवा चारही चाकं ओढणारी, डिझेल. हायलक्सच्या धुऱ्यांत ३०८५ मिलिमीटर अंतर आहे, इसुझू व्ही-क्रॉसच्या ३०९५, दोन्ही स्वतः दोन टनांच्या आसपास. फॉर्च्युनर अंतरानं २७४५ ची, पण वजनदार, आणि जुनी चांगल्या अवस्थेत मिळते. स्कॉर्पिओ-एन २७५० ची, १७५ अश्वशक्तीच्या डिझेलमध्ये जोर भरपूर. तिची शिल्लक मात्र सात माणसं धरून आधीच वापरली जाते, म्हणून चौघांनी मागची सीट दुमडून वापरली तरच जमतं. यांतली कोणतीही घेतली तरी मॅन्युअलमधलं ट्रेलरचं पान आधी वाचायचं, ते प्रतिकूल असेल तर पुढची गाडी बघायची. ब्रिटनमध्ये नवशिक्यांना सांगतात, भरलेला ट्रेलर गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांपर्यंत. ते सपाट, रुंद रस्त्यांसाठी ठीक. आंबोली, फोंडा, आंबा घाट उतरायचे असतील तर मी ७० च्या वर जाऊ देत नाही. १४५० चा ट्रेलर तर गाडी २१०० च्या आसपास हवी.

आणि हा जुना ट्रेलर घ्यायचाच ठरला तर बघायला जाताना तीन गोष्टी करा. जुव्याच्या आणि धुरीच्या वेल्डिंगवर पेचकस मारून गंजाचे पापुद्रे निघतात का ते बघा, किनाऱ्यावर उभा राहिलेला असेल तर नक्की निघतील. चाक उचलून हबचं टोपण उघडा, आतलं ग्रीस दुधाळ असेल तर पाणी गेलंय आणि बेअरिंगचा खर्च किमतीतून वजा करा. आणि विकणाऱ्याला सांगा, काट्यावर चला, पैसे मी देतो. नाही म्हणाला तर चहा पिऊन परत या.